पायाळू माणसाची पाठ

हॅलो?

हॅलो… हो, मीच. इंद्रभान. अवं कस्तुरा, हळू बोल. फोन कानालेच आहे माह्या. कामरगावहून कारंजापर्यंत ओरडायचं काम नाई.

हो, जेवलो. वरण-भात अन् वांग्याची भाजी. तुही वहिनी वाढून ठेवून गेली, मंदिरात आहे ती. तू जेवली का?

उभ्यानं? काहून उभ्यानं?

बसलं की कळ येते… अन् उठताना? … हं. म्हणजे मंगळवारी होती तशीच आहे.

जास्त? मंगळवारपेक्षा जास्त?

नाई नाई, आयकून राह्यलो मी. बोल.

आज? संध्याकाळच्या गाडीनं? अवं पण उद्या सकाळी तुले वाशिमले जायचं आहे ना. दहाचा नंबर आहे तुहा. … मले कोण सांगन, धनराजनंच सांगतलं. सकाळी फोन आलता त्याचा. म्हणे मामा, आईले मणक्याच्या डॉक्टरणीकडं नेऊन राह्यलो, तुमी समजावून सांगा, माह्यं आयकत नाई.

अच्छा. म्हणजे मी आज मुक्कामी यायचं. उद्या शनिवार, तं पहाटेच तुह्या पाठीले पाय लावायचा. तुले मोकळं वाटायचं, अन् मग पोराले सांगायचं का बाबा, नंबर रद्द कर, मामानं बरं केलं. सगळं ठरवूनच फोन केला तू.

रागावलो नाई. मी कधी रागावलो तुह्यावर.

ते एक वेळा. ते लहानपणी. पुस्तक भिजवलं होतं तू.

कस्तुरा, मंगळवारी लावला ना मी पाय. तीन वेळा लावला. गुण यायचा असता तं आला असता… नाई, वाराचं काही नसते त्यात. आई म्हणे मंगळवार, मोठीआई म्हणे शनिवार. ज्याची ज्या दिवशी पाठ धरली तो त्या दिवशी आला. मी कोणाले वार विचारला नाई.

भेव? कशाचं भेव? डॉक्टरणीचं?

कोणी दाखवलं? शेजारच्या सुकेशनीनं? मोबाईलवर… हं… हं. मान दोन्ही हातात धरते. अन् फिरवते. अन् कटकन वाजते.

मग तो माणूस ओरडला का?

हसला? हसला तं बरंच झालं ना.

हो, तेही खरं. हसणाराच दाखवतात. ज्याले दुखलं त्याचा कोण टाकते मोबाईलवर. हे मले सुचलं नव्हतं. बरोबर बोलली तू.

पण मी काय म्हणतो, आयक. एक गोष्ट सांगतो तुले. हसायचं नाई. अन् सुकेशनीले सांगायचं नाई. … शपथ कायले, नुसतं नाई म्हण.

मी जाऊन आलो तिथं.

तिथंच. वाशिमले. त्याच बाईकडं. आषाढात.

हॅलो? … कस्तुरा?

हसून घे. झालं की सांग, मी थांबतो.

झालं? … हो. पायाळू माणूस, अख्ख्या गावाच्या पाठी बऱ्या करते, अन् स्वतःची पाठ घेऊन मुकाट्यानं एस.टी.त बसते. समजते मले ते. म्हणूनच घराबाहेर सांगतलं नाई कोणाले. पण मी काय करू, तूच सांग. मी पायाकडून जन्मलो म्हणून लोक माह्या पायाखाली निजतात. माही पाठ दुखली तं मी कोणाच्या पायाखाली निजू? स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीले पोचत नाई.

कशी म्हणजे, वाचनालयात. नोकरीतून सुटून सोळा वर्षं झाले, पण सोमवार-गुरुवार जातो ना अजून, नवीन पोरगी आहे तिले मदत म्हणून. खालच्या फळीवरून जुने दिवाळी अंक काढत होतो. वाकलो तं वाकलेलाच राह्यलो. ती पोरगी म्हणे, काका काय शोधून राह्यले? मी म्हटलं काही नाई, पाहून राह्यलो. दहा मिनिटं तसाच पाहत होतो. सांगाची लाज वाटे.

आता बस, का अजून हसायचं आहे?

मग आयक. तिथं गेल्याबरोबर कोणी तुही मान धरत नाई. पहिले खुर्चीवर बसवते अन् विचारते. पाऊण तास नुसतं विचारते. कुठं दुखते, कधीपासून दुखते, चाललं की वाढते का बसलं की, दुखण्यानं झोप मोडते का, लघवी-परसाकडं बरोबर होते का… हो, तेही विचारते. कानशिलं तापली माही. पोरीच्या वयाची बाई. मी टेबलाच्या पायाकडं पाहून उत्तरं दिले.

मग उभं करते. टाचांवर चाला, चवड्यांवर चाला. गुडघ्यावर रबराची हातोडी मारते हळूच. निजवून पाय वर उचलून पाहते. मग पाठीवरून बोट फिरवते, एक-एक मणका, वरून खाली. आपण फळीवरच्या पुस्तकांच्या पाठी पाहत जातो ना नंबर शोधत… तू नाई पाहत, बरं. पण तसं.

अन् त्या दिवशी काहीच नाई केलं तिनं. खरंच सांगतो. एक्सरे काढून आणा म्हणे, मग ठरवू. मी घरी आल्यावर ठरवलं होतं का आता जायचंच नाई. तुह्या वहिनीनं नेलं.

टेबल असते एक, लांबडं. तोंडाच्या जागी भोक असते. पालथं निजायचं अन् तोंड त्या भोकात ठेवायचं. खाली फरशी दिसते. एक मुंगी चालली होती फरशीवरून, मी तिच्याकडंच पाहत राह्यलो.

नाई वं, साडी नाई काढा लागत. अंगावरच्या कपड्यांवरूनच हात ठेवते. बाईच आहे ती, अन् सोबतीण आत बसू शकते. तुही वहिनी बसली होती माह्यापाशी. मलेच जास्त आधार वाटला.

मग ती सांगते, आता मी हात ठेवते. आता श्वास घ्या. आता सोडा. अन् श्वास सोडला का एक झटका. लहानसा. पटकन. अन् कट.

नाई, हाड नाई मोडत. मलेही तेच वाटलं. मी "माफ करा" म्हटलं तिले. काहून म्हटलं ते मलेच माहीत नाई. ती म्हणे, काका, हाड नाई वाजलं. सांध्यात जरासं पाणी असते, वंगणावाणी. सांधा मोकळा झाला का त्यात बुडबुडा तयार होते, त्याचा आवाज येते. बोटं मोडतो आपण, तोच आवाज. मी घरी येऊन वाचून पाह्यलं. तसंच लिहिलं आहे. अन् आवाज नाई आला तरी काही बिघडत नाई म्हणे. आवाज आला म्हणजे गुण आला असं नसते.

मानेले हात नाई लावू दिला मी. मी वाचलं होतं का मानेच्या झटक्यानं क्वचित डोक्याकडं जाणाऱ्या रक्ताच्या नळीले इजा होते. क्वचितच, पण होते. म्हटलं बाई, मानेचं नको. मले वाटलं तिले राग येईन. ती म्हणे, नको तं नको, मान तुमची आहे. … हो ना. तूही म्हणू शकते. नको म्हटलं का थांबते.

दुसऱ्या दिवशी दुखलं ना. सोयाबीन सोंगल्यावर कसं अंग धरते, तसं. दोन दिवस. पण तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरलो नाई. जास्त नाई घाबरलो.

गुण… पाह्य, खोटं नाई सांगत तुले. एकदम नाई गेलं. तीन खेपा झाल्या. घरी कराचे व्यायाम दिले, ते करतो रोज सकाळी, दार लावून. खालच्या फळीवरचं पुस्तक काढता येते आता. पण त्यातलं किती तिच्या हातानं झालं, किती व्यायामानं अन् किती आपोआपच, ते मले नाई सांगता येत. तिलेही विचारलं मी. ती म्हणे काका, नक्की मलेही नाई सांगता येत. मले ते उत्तर आवडलं.

मग? जाशीन ना?

हं. जातो म्हण, बस. … काय सांगशीन म्हणजे, विचारलं त्याचं उत्तर द्यायचं. थांब. तिनं विचारलेलं सगळं मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं आहे. … सवय आहे. हस. आपण आताच उजळणी करू, म्हणजे उद्या तुही बोबडी वळणार नाई. थांब, वही घेतो. चष्मा… चष्मा डोळ्यावरच आहे.

वय. अडुसष्ट. ते माहीत आहे मले.

कुठं दुखते? … कमरेच्या वर. मधोमध. अन् पट्टा बांधल्यावाणी पोटाकडं येते. बरं.

खोकललं का? … जास्त. अन् शिंकेनं? … हं.

कुशी बदलता येते का? … पलंग धरून. बरं. लिहितो.

पायाले मुंग्या येतात? बधिरपणा? … नक्की? चप्पल निसटून जात नाई ना पायातून? … अन् लघवी? … अवं लाजते काय, मी म्हातारा माणूस आहे… होते ना बरोबर? बस मग. ते चांगलं आहे.

आजार. दमा, लिहिलं. गोळ्या कोणत्या घेते? ती पांढरी, बारीक, तीच अजून? … डॉक्टरनं लिहून दिली होती ते माहीत आहे, पण ती कधी? आता कोण देते? … मेडिकलवाला. चिठ्ठी न पाहता. किती वर्षं झाले त्याले? … निता सून होऊन आली त्याच्याही आधीपासून. म्हणजे अकरा वर्षं झाले कस्तुरा.

थंडीत रोज, एरवी एक दिवसाआड. हं.

विष नाई म्हणत मी. दम्याले लागते ती, डॉक्टरच देतात. पण ती स्टेरॉइडची गोळी आहे, मी मागं पाकीट पाह्यलं होतं तुहं. वर्षानुवर्षं घेतली का हाडं ठिसूळ होतात. … नाई, फेकून देऊ नको. एकाएकी बंद नसते कराची, त्यानंही घात होते. पाकीट सोबत न्यायचं अन् दाखवायचं. मले हे तुले पहिलेच सांगाचं होतं. राहून गेलं.

हो, झालंच. पुढचं. गेल्या वर्षभरात कुठं पडणं, घसरणं, आपटणं झालं का?

कस्तुरा?

कुठं चालली?

चहा? कोणी मांडला, निता आली का घरी? … तूच. बरं, गॅस बारीक कर अन् एवढं सांग.

मनगटाचं नाई विचारत मी. ते दोन वर्षांआधीचं. त्याच्यानंतर?

असं टाळू नको. मी लहानपणापासून पाहून राह्यलो तुले, तुले सांगाचं नसलं का तुले काम आठवते.

नाई सांगत. कोणालेच नाई सांगत मी. तू मले सांग.

कधी?

कोणत्या रविवारी? … ह्याच. म्हणजे मंगळवारच्या आधीच्या.

कशावरून? … शिडीवरून. वर कायले गेलती? … उडीद वाळत घातले होते. हो, आभाळ आलं होतं रविवारी, इकडंही आलं होतं. अन् उतरताना… किती पायऱ्या राह्यल्या होत्या? … दोन का तीन? … तिसरीचा दांडा मोडका आहे, तं तिसरीवरूनच ना.

पडली कशी? हातावर? … बसली. धपकन बसली. खाली काय होतं, माती? … ओटा. सिमेंटचा.

अन् तेव्हापासून दुखते.

मले तं म्हणाली का कपाशी वेचताना चमक भरली. … वेचाले गेलीच नव्हती. बरं.

आहे. आहे मी. जरा बसलो. उभाच होतो इतका वेळ.

कस्तुरा, मंगळवारी तू सतरंजीवर पालथी निजली, अन् मी पाय लावला. तेव्हा तुले पडून दोन दिवस झाले होते. … रागावलो नाई म्हटलं ना. नुसतं एक वेळा बोलून पाहून राह्यलो.

तुले वाटलं पायानं जाईन. हो. सगळ्यांलेच वाटते.

आता मी काय म्हणतो ते नीट आयक. मी डॉक्टर नाई. माहं चुकत असन, चुकतेच बहुतेक वेळा. पण अडुसष्ट वय, अकरा वर्षं ती गोळी, एक वेळ मनगट मोडून झालं, अन् आता सिमेंटवर बसली अन् खोकललं का कळ येते. एखादा मणका दबला असन तं? चिरला असन तं? अशा पाठीवर झटका नसते द्यायचा. त्या बाईनंही नाई अन् मीही नाई. आधी एक्सरे. म्हणून उद्या पडल्याचं सांगाच लागते. बाकी सगळं विसरली तरी चालन.

निता आत बसणार. मग बसू दे ना.

अच्छा… शिडी तिनं कोठ्यात नेऊन ठेवली होती. अन् तू काढून आणली. … तिनं किती वेळा म्हटलं होतं वर जाऊ नका म्हणून? … अन् चार बायांसमोर तू म्हणाली का मी तुह्यापेक्षा मजबूत आहे.

हो. जड आहे ते. समजते मले.

नाई, मी नाई करत डॉक्टरणीले फोन. एक तं मले अनोळखी माणसाशी फोनवर बोलता येत नाई. अन् पाठ तुही आहे. ती उलट विचारन का कशी बसली, कुठं लागलं, तं मी काय सांगू?

मग काय, गोळीचं सांगशीन अन् पडल्याचं नाई सांगशीन? … तसं असन तं नको जाऊ. खरंच. लपवून त्या टेबलावर निजण्यापेक्षा घरी राहा. … नाई, घरी राह्यली तं एक्सरेही होत नाई. तेही बरोबर नाई. म्हणजे पाह्य, कुठूनही आलं तरी सांगणंच येते.

माह्या पायाचं नाव काढू नको आता.

काय म्हणाली?

म्हण ना. पायातला गुण गेला, म्हणून भाऊ भेव दाखवून राह्यला. म्हणू शकते तू.

गेला नाई कस्तुरा. नव्हताच बहुतेक.

असंच नाई बोलून राह्यलो. पाच वर्षांचा होतो मी, आईनं पाटलांच्या पाठीवर उभं केलं. पाटील उठले अन् म्हणाले मोकळं वाटते. तेव्हापासून येतात लोक. दर वेळी मी भेत-भेत पाय लावला. दर वेळी. … होत ना बरे. चार दिवसांत, आठ दिवसांत. मग वाचनालयात एक दिवस वाचलं का पाठीची साधी चमक बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते. काही करा का नका करू. ते वाचून मले तीस-पस्तीस वर्षं झाले असतीन.

नाई सांगतलं कोणाले. काहून म्हणजे… पुस्तकासाठी दिवसातून चार माणसं येत माह्याकडं, त्यातले दोघं पेपर वाचाले. पाठीसाठी लोक दारात चप्पल काढून येत. नारळ घेऊन येत. काका म्हणत, महाराज म्हणत. … आवडत असन. मले नाई सांगता येत.

तुले म्हणून सांगतलं. आता तू निताले सांग.

बरोबरी नाई होत, ते माहीत आहे. मले घरात कोणी टोमणा मारत नाई, तुले मारतीन. काय म्हणन ती? "मी म्हटलं नव्हतं का आत्याबाई." एक वेळा म्हणन. फार तं दोन वेळा. तू चहा पीत-पीत आयकून घे.

आली का अंगणवाडीतून? … दारातच आहे ना, मग आवाज दे. … आता नाई तं मग जीपमध्ये धनराजसमोर सांगशीन का? … हो, आहे मी. ठेवत नाई. फोन हातातच राहू दे.

…

नाई, "कंबर जास्त दुखते" एवढंच नाई. शिडीचं सांग.

…

वार सांग तिले. रविवार.

…

तिसऱ्या पायरीवरून.

…

काय म्हणाली?

आत गेली? … थांब, येईन. रडते कायले. … अवं थांब ना जरा.

उशी आणली? कायले? … मग टेक ना. तिनं आणली तं टेक. अन् फोन दे तिच्याजवळ.

हो निता, मीच. मामा. … हो, मलेही आत्ताच समजलं. … नाई, खोटं कायले बोलू, आत्ताच. … तिले आज काही बोलू नको बाई. मी सांगणारा कोण म्हणा, पण आज नको.

पाह्य, मी काही डॉक्टर नाई, माहं चुकतही असन… हो. बरं. सरळ सांगतो.

उद्या वाशिमलेच जा. पण पहिले सरकारी दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरले दाखवा. एक्सरे काढा. मणक्याच्या बाईकडचा नंबर राहू दे, तिले एक्सरे दाखवा, मग ती सांगन काय कराचं ते. एक्सरे पाह्यल्याबिगर टेबलावर निजवायचं नाई. … तीही नाई निजवत. पडल्याचं सांगतलं तं नाई निजवत.

गोळीचं पाकीट घे. बंद नको करू, डॉक्टरले विचारूनच. जीपमध्ये तिले समोर बसव अन् धनराजले सावकाश चालवाले सांग. आज काही उचलू देऊ नको, पाण्याची बादलीही नाई. … अन् पाय बधिर वाटले, नाईतं लघवी अडली, तं सकाळची वाट नको पाहू. त्याच वेळी निघा. धनराज नसन तं एकशे आठले फोन.

लिहून घेऊन राह्यली? चांगलं करून राह्यली. हो, रविवार. ओट्यावर बसली असं लिही, पडली नाई. डॉक्टरले त्यात फरक समजते.

हं, विचार ना.

…

हो. लावला होता.

मंगळवारी. दुपारी. तू अंगणवाडीत होती.

तीन वेळा.

नाई, नुसता टेकवला नाई. पहिले दोन वेळा टेकवला. मग ती म्हणे भाऊ, काही समजूनच नाई राह्यलं, जरा जोर दे. तिसऱ्या वेळी मी दाराची चौकट धरली अन् जोर दिला. अंगाचा भार दिला.

ओरडली नाई. श्वास धरून राह्यली. मले समजलं होतं ते. मले वाटलं, असंच असते.

ते खरं आहे, तिनं सांगतलं नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं ना. ती डॉक्टरीण मले पाऊण तास विचारत होती. मी तुह्या सासूले एकच विचारलं, कुठं लावू.

नाई निता, माही बाजू नको घेऊ… बरं. बोल. आयकतो.

…

हो.

हो. पुन्हा नाई. कोणालेच नाई. दारावर आले तरी नाई.

आता लिही. त्याच कागदावर, गोळीच्या खाली. मंगळवारी पाठीवर पायानं दाब दिला. कमरेच्या वर, मधोमध. तीन वेळा, तिसऱ्या वेळी जोरात. … लाज तिची नाई त्यात, माही आहे. डॉक्टरले माहीत पाहिजे.

कोणी दिला तेही लिही.

"घरच्या माणसानं" नको. नाव लिही. इंद्रभान… पुढं रामराव… गावंडे. वय चौऱ्याहत्तर. राहणार कारंजा.

वाचून दाखव बरं.

…

"जोरात" राह्यलं.

… हं. आता बरोबर आहे. ठेवतो.